नजरेमागे कोण आहे? एका संशोधन-कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

एखाद्या शास्त्रज्ञाने दोन-तीन विषयांत काम केलेलं दिसलं की आपण लगेच 'या क्षेत्रातून त्या क्षेत्रात उडी मारली' असं म्हणून मोकळे होतो. अग्नियेश्का विकोव्स्का यांची ओळखही वरवर तशीच करून देता येते. आधी तत्त्वज्ञान, मग मानसशास्त्र, मग मेंदूच्या लहरी आणि आता इटलीतल्या जेनोआ शहरात रोबो. त्यांचे निबंध प्रकाशनाच्या क्रमाने वाचत गेलं, की ही उडी काही सापडत नाही. सापडतो तो एकच हट्टी प्रश्न: समोरच्याला मन आहे असं मी धरून चाललो, तर माझ्या मेंदूच्या कामात काही फरक पडतो का? या प्रश्नाला पडद्यावरची चित्रं पुरेनाशी झाली, तेव्हा रोबो आला. तोही प्रयोगशाळेतलं एक उपकरण म्हणून. हे एकदा ध्यानात घेतलं की या कारकिर्दीतल्या चांगल्या गोष्टींचाही उलगडा होतो आणि तिच्या मर्यादांचाही.

पार्श्वभूमी

विकोव्स्का मूळच्या पोलंडच्या. क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान केलं आणि नंतर म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठात मेंदू आणि आकलनाशी जोडलेलं मानसशास्त्र. पीएचडी २००८ सालची. विषय होता अवधान, म्हणजे समोर पसरलेल्या पसाऱ्यातून डोळे आणि मेंदू नेमकं काय उचलतात, हा.

त्या काळातला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण पुढच्या सगळ्याचं बीज त्यात आहे. आना शूबो आणि बर्नहार्ड होमेल यांच्याबरोबरचा हा निबंध २००९ मध्ये आला. सहभागींना पडद्यावरच्या ठिपक्यांमधला वेगळा ठिपका शोधायचा होता. तो कधी आकाराने वेगळा असे, तर कधी उजळपणाने. शोध सुरू असतानाच त्यांनी हाताची एक हालचाल मनात तयार ठेवायची होती: समोरची वस्तू पकडायची किंवा तिच्याकडे बोट दाखवायचं. हालचाल प्रत्यक्ष नंतर करायची, आधी फक्त तयारी. पकडण्याच्या तयारीत असलेल्यांना वेगळ्या आकाराचा ठिपका शोधायला मदत झाली, बोट दाखवण्याच्या तयारीत असलेल्यांना वेगळ्या उजळपणाचा. पकडायचं तर आकार महत्त्वाचा, दाखवायचं तर जागा ठळक दिसणं महत्त्वाचं. म्हणजे आपण काय करणार आहोत यावर आपल्याला काय दिसतं हे काही अंशी ठरतं.

इथून पुढचं पाऊल सरळ आहे. माझा स्वतःचा हेतू माझ्या नजरेला वळण देत असेल, तर समोरच्याचा हेतूही देत असणार. मात्र समोरच्याचा हेतू थेट दिसत नाही. तो आपण गृहीत धरतो.

तीच छायाचित्रं, वेगळी गोष्ट

दुसऱ्याच्या नजरेचा आपल्यावर होणारा परिणाम मोजायची एक जुनी आणि अतिशय साधी पद्धत आहे. क्रिस फ्रिझन आणि अॅलन किंगस्टोन यांनी ती १९९८ मध्ये मांडली. पडद्याच्या मध्यभागी एक चेहरा असतो. त्याचे डोळे डावीकडे किंवा उजवीकडे वळतात. मग एखाद्या बाजूला एक अक्षर उमटतं आणि ते दिसताच सहभागीने बटण दाबायचं. चेहऱ्याने कुठे पाहिलं याचा अक्षराच्या जागेशी काहीही संबंध नसतो, आणि हे सहभागीला आधीच सांगितलेलं असतं. तरीही अक्षर चेहऱ्याने पाहिलेल्या बाजूला आलं की उत्तर काही मिलिसेकंद लवकर येतं. नजरेमागे जाऊ नकोस म्हणून सांगितलं, तरी अवधान जातंच.

एव्हा वीसे, विकोव्स्का आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या चेहऱ्याच्या जागी कधी माणसाचं, तर कधी रोबोचं छायाचित्र ठेवलं. माणसाच्या नजरेचा परिणाम जास्त, रोबोच्या नजरेचा कमी. यात नवल नाही. रोबोचे डोळे दिसायलाच वेगळे असतात, त्यामुळे फरक निव्वळ दिसण्यामुळे पडला असं कुणीही म्हणू शकेल. म्हणून पुढच्या फेऱ्यांत त्यांनी चित्रांना हात लावला नाही, फक्त त्यांच्यामागची गोष्ट बदलली. हा माणसासारखा चेहरा खरं तर पुतळ्याचा आहे, असं सांगितलं. किंवा या रोबोचे डोळे एक माणूस हलवतो आहे, असं सांगितलं. ज्याच्यामागे मन आहे असं सहभागींना वाटलं, त्याच्या नजरेमागे अवधान अधिक ओढलं गेलं. चेहरा कसा दिसतो, याला दुय्यम महत्त्व उरलं.

२०१४ मध्ये हाच प्रश्न मेंदूच्या विद्युतलहरींकडे नेला गेला. डोक्यावर ईईजीची टोपी, पडद्यावर रोबोचा चेहरा, आणि दोन गोष्टींपैकी एक: डोळे माणूस हलवतो आहे, किंवा आधी लिहून ठेवलेला प्रोग्राम हलवतो आहे. लक्ष्य, म्हणजे बाजूला उमटणारं अक्षर, दिसल्यावर जेमतेम १०० मिलिसेकंदांत मेंदूच्या मागच्या भागात एक लहर उठते. तिला पी१ म्हणतात. दिसलेल्या गोष्टीवर दृष्टीच्या पातळीवर होणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कामाची ती खूण आहे. अक्षर नजरेच्या बाजूला आल्यावर ही लहर मोठी झाली, पण डोळ्यांमागे माणूस आहे असं सहभागी मानत होते तेव्हाच.

जरा थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे ही. 'तिकडे माणूस आहे' हे कुणीतरी तोंडी सांगितलेलं वाक्य, म्हणजे अगदी वरच्या पातळीवरची समजूत. आणि पी१ ही दृष्टीच्या साखळीतली सुरुवातीची पायरी, विचार करायला सवडही नसते अशा क्षणातली. सांगितलेली गोष्ट तिथपर्यंत झिरपते, असा दावा या निबंधात आहे. इतका मोठा दावा मांडला की हरकती येणारच, त्यांच्याकडे पुढे येऊ.

पडदा का पुरेना

या टप्प्यावर हातात काय होतं? चांगली पद्धत, चांगले निकाल आणि एक ठसठशीत त्रुटी. पडद्यावरचा चेहरा तुमच्याकडे पाहत नाही. तुम्ही काय केलं याने त्याला काही फरक पडत नाही. माणसांमधल्या नजरेत देवाणघेवाण असते, आणि छायाचित्राशी देवाणघेवाण कसली?

मग खरा माणूसच समोर बसवावा, तर दुसरी पंचाईत. एकाच सहभागीपुढे शेकडो वेळा तीच कृती करायची असते, तीही प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच: मान इतक्याच अंशांत, पापणी इतक्याच वेळात, डोळे नेमके त्याच क्षणी. माणसाला हे जमत नाही. विसाव्या फेरीला तो कंटाळतो, पन्नासाव्या फेरीला नकळत हसतो. ईईजीत तर प्रत्येक घटना मिलिसेकंदाच्या हिशेबाने नोंदवावी लागते, आणि समोरच्या माणसाने नजर नेमकी कधी वळवली हे त्यालाच सांगता येत नाही.

शरीर असलेला, समोर बसणारा, हालचाली जशाच्या तशा पुन्हा करणारा आणि प्रत्येक हालचालीची वेळ संगणकाला कळवणारा जोडीदार हवा होता. विकोव्स्का, तिएरी शामिनाद आणि गॉर्डन चेंग यांनी २०१६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हाच युक्तिवाद मांडला. रोबो माणसाच्या सामाजिक आकलनाचा अभ्यास करायचं साधन होऊ शकतो. त्याच्याशी होणारी भेट खरी असते आणि प्रयोगाची सूत्रंही संशोधकाच्या हातात राहतात. चेंग म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातले, रोबोंच्या बाजूने आलेले. शामिनाद मेंदूविज्ञानातले. दोन्ही गोटांतली माणसं एका निबंधावर आहेत, हेही बोलकं आहे.

त्याच वर्षी विकोव्स्का यांना युरोपीय संशोधन परिषदेचं अनुदान मिळालं आणि काम जेनोआच्या इटालियन तंत्रज्ञान संस्थेत हललं. जेनोआच का, याचं उत्तर आयकब. युरोपीय संघाच्या पैशातून २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून हा रोबो घडला. उंची १०४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाएवढा, आणि त्याला ५३ स्वतंत्र हालचाली करता येतात. त्याचे आराखडे आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुले आहेत. विकोव्स्का यांच्या कामाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की त्याचे डोळे मानेपासून वेगळे हलतात, आणि पापण्याही उघडमीट करतात. नजरेचा अभ्यास करणाऱ्याला आणखी काय हवं?

समोरासमोर

आयकबबरोबरची एक फेरी जवळून पाहू. रोबो सहभागीच्या समोर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा. सुरुवातीला त्याचे डोळे मिटलेले. ते उघडतात, आणि तो एकतर सरळ सहभागीच्या डोळ्यांत पाहतो किंवा खाली पाहत राहतो. मग मान आणि डोळे एका पडद्याकडे वळतात. दोनपैकी एका पडद्यावर अक्षर उमटतं. बटण. पुन्हा डोळे मिटतात. असं कितीतरी वेळा.

कीरियाकी कॉम्पात्सिआरी यांच्या पुढाकाराने झालेल्या २०१८ च्या या कामात दिसलं, की रोबोने आधी नजरेला नजर दिली असेल तर त्याच्या पुढच्या नजरेमागे लोकांचं अवधान जातं. नजर दिली नसेल तर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे नजर वळणं एवढंच पुरत नाही, त्याआधी 'मी तुझ्याकडे पाहिलं' हेही व्हावं लागतं. हा निकाल छायाचित्रातून निघाला नसता, कारण छायाचित्राची नजर 'माझ्यावरच' आहे ही जाणीव फार दुबळी असते.

तीन वर्षांनी मारवेन बेलकाइद आणि सहकाऱ्यांनी हेच एका खेळात आणलं. दोन गाड्या समोरासमोर धावून येतात. सरळ जायचं की वळायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. वळला तो हरला, आणि दोघंही सरळ गेले तर दोघांचंही नुकसान. सहभागी ४०, प्रतिस्पर्धी आयकब. निर्णय घ्यायच्या आधी आयकब कधी सहभागीकडे बघे, कधी दुसरीकडे. तो बघत असताना लोकांना निर्णय घ्यायला जास्त वेळ लागला. ईईजीत अल्फा लहरींचा जो आकृतिबंध दिसला, त्याचा अर्थ संशोधकांनी असा लावला: समोरून येणारी नजर मनाआड करायला मेंदूला मेहनत पडते.

रोबो बनवणाऱ्यांसाठी ही बातमी थोडी गैरसोयीची आहे. रोबो माणसाकडे जितकं पाहील तितका तो आपलासा वाटेल, अशी या धंद्यातली सर्वसाधारण समजूत. इथे दिसतं की नजरेची किंमत मोजावी लागते. झटपट निर्णय घ्यायच्या कामात रोबो सारखा तोंडाकडे बघत राहिला तर तो मदतनीस कमी आणि अडथळा जास्त ठरेल. माझ्या मते या सगळ्या कामातला व्यवहारात सर्वांत उपयोगी पडेल असा निकाल हाच, आणि तो रोबो सुधारायच्या हेतूने केलेल्या प्रयोगातून आलेला नाही.

पत्ते आणि तोल

अनुदानाच्या प्रकल्पाचं नाव होतं इनस्टान्स, आणि त्याच्या मुळाशी अमेरिकी तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट यांची एक कल्पना आहे. एखाद्या गोष्टीचं वागणं आपण तीन प्रकारे समजून घेऊ शकतो: ती कशाची बनली आहे यावरून, ती कशासाठी बनवली आहे यावरून, किंवा तिला काय हवं आहे आणि तिला काय माहीत आहे असं धरून. तिसरा प्रकार माणसांसाठी आपण दिवसभर वापरतो. रोबोसाठीही वापरतो का, हे विकोव्स्का यांना मोजायचं होतं. तत्त्वज्ञानाचं शिक्षण इथे कामी आलं असणार, नाहीतर असा प्रश्न मोजायला घ्यायचं धाडस सहसा कुणी करत नाही.

सेरेना मार्केझी यांच्या नावाने २०१९ मध्ये आलेल्या निबंधात त्यासाठी एक चाचणी आहे. आयकबच्या ३४ छोट्या चित्रकथा, प्रत्येकीत तीन छायाचित्रं, आणि खाली दोन वाक्यं. एका कथेत आयकब पत्ते खेळता खेळता दुसऱ्याच्या हाताकडे झुकलेला दिसतो. एक वाक्य म्हणतं, तो फसवून पत्ते बघत होता. दुसरं म्हणतं, क्षणभर त्याचा तोल गेला. दोन वाक्यांच्या मध्ये एक सरकपट्टी असते, ती आपल्याला पटेल तिथे न्यायची. सरासरी १०० पैकी ४० च्या आसपास आली, म्हणजे कल यांत्रिक स्पष्टीकरणाकडे, पण थोडासाच. काही कथांमध्ये लोक सर्रास हेतूच्या बाजूला गेले.

मोजपट्टी हाती आल्यावर पुढचे प्रयोग भराभर झाले. फ्रान्चेस्का बोस्सी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ५२ जणांना आधी काहीही न करता स्वस्थ बसवून त्यांच्या ईईजीची नोंद केली आणि नंतर ही चाचणी दिली. ज्यांचा कल हेतूकडे आणि ज्यांचा यंत्राकडे, त्यांच्या बीटा लहरींतला फरक चाचणीच्या आधीच्या स्वस्थ अवस्थेतच दिसत होता. रोबोकडे कसं पाहायचं याची थोडी तयारी आपण घरूनच घेऊन येतो, असा त्याचा अर्थ. २०२२ च्या एका कामात लोकांनी आयकबबरोबर बसून चित्रफिती पाहिल्या. एका गटात तो दृश्यांना साजेसे उद्गार काढत होता, दुसऱ्यात यंत्रासारखे आवाज करत होता. पहिल्या गटातल्या लोकांचा कल नंतर हेतूकडे सरकला. नुसता सहवास पुरेसा नव्हता.

हरकती

आता पी१ कडे परत. नजरेमागे अवधान जाण्याचा संबंध समोरच्याच्या मनाशी खरोखर आहे का, यावर सगळ्यांचं एकमत नाही. जेफ कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पडद्यावरच्या व्यक्तीपुढे आडोसा उभा केला, जेणेकरून तिला लक्ष्य दिसूच शकणार नाही. तरी सहभागींचं अवधान त्या नजरेमागे गेलंच. समोरच्याला काय दिसतं याचा विचार मेंदू करत असता तर आडोशाने परिणाम नाहीसा व्हायला हवा होता, असा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजूंचे निकाल एकत्र ठेवले तर मला एवढंच म्हणावंसं वाटतं: नजरेमागे जाणं बहुतेक आपोआप होतं, आणि समजुतीमुळे त्याची तीव्रता कमी-जास्त होत असावी. विकोव्स्का यांचा दावा या मर्यादित रूपात टिकतो. त्याहून जोरात तो मांडू नये.

दुसरी हरकत रोबोंच्या बाजूने येते आणि ती रास्त आहे. या बहुतेक प्रयोगांत आयकब स्वतः काही ठरवत नाही. हालचाली आधीच लिहून ठेवलेल्या असतात, किंवा पडद्याआडून कुणीतरी तो चालवत असतं. रोबो घडवणाऱ्या अभियंत्याला यात रोबोचं काहीच दिसत नाही, नुसता महागडा पुतळा दिसतो. उपकरण म्हणून रोबो आणला की हे अपरिहार्यच आहे. कारण तो आपल्या मनाने वागायला लागला की प्रत्येक फेरी वेगळी होणार, आणि तशी व्हायला नको म्हणून तर तो आणला!

या पेचातून एक देखणा प्रयोग निघाला. फ्रान्चेस्का चार्दो आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या निबंधात सहभागी आणि आयकब मिळून पडद्यावरच्या रंगांना बटणांनी उत्तर देत होते. आयकबचं बटण कधी दुसरा माणूस चालवत होता, कधी प्रोग्राम. ओळखायचं होतं ते एवढंच. प्रोग्रामने उत्तराच्या वेळांमध्ये माणसासारखा चढउतार ठेवला, कधी किंचित लवकर आणि कधी किंचित उशिरा, तेव्हा लोकांना माणूस आणि यंत्र वेगळे सांगता आले नाहीत. बोलणं नाही, चेहऱ्यावरचे भाव नाहीत, केवळ मिलिसेकंदांतला अनियमितपणा. जो अनियमितपणा टाळण्यासाठी माणसाऐवजी रोबो बसवला होता, तोच इथे माणूसपणाची खूण ठरला.

प्रयोगशाळेबाहेर

या कारकिर्दीचा तिसरा भाग अजून घडतो आहे आणि तो सर्वांत विस्कळीत आहे, हे सांगायला हवं. चार्दो, विकोव्स्का आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की कोझमो या छोट्या रोबोबरोबर फुगा फुगवायचा धोक्याचा खेळ खेळताना, रोबोही फुगा थांबवू शकत असेल तर लोकांची 'हे मी केलं' ही भावना कमी होते. रोबोच्या जागी साधा हवेचा पंप ठेवला की ती तशी कमी होत नाही. जबाबदारी माणसांमध्ये वाटली जाते तेव्हा असंच होतं. गाडी, शस्त्रक्रिया, शस्त्रं अशा ठिकाणी रोबो भागीदार म्हणून येत असताना हा निकाल फुग्यापुरता राहत नाही, पण फुग्यावरून थेट शस्त्रक्रियेबद्दल बोलण्याची घाईही नको.

कोझमोचाच वापर जेनोआतल्या एका उपचार केंद्रात स्वमग्न मुलांच्या प्रशिक्षणासाठी झाला. नेहमीच्या उपचारांना रोबोबरोबरच्या खेळांची जोड दिल्यावर मुलांच्या सामाजिक कौशल्यांत सुधारणा नोंदवली गेली. मुलं २४ होती. दिशा कळायला हा आकडा पुरेसा आहे, उपचारांची शिफारस करायला नाही. आणि एक निव्वळ व्यावहारिक अडचण: कोझमो हे दुकानात मिळणारं खेळणं होतं आणि ते बनवणारी आंकी ही कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. आयकबसारखा खुला रोबो महाग, खेळण्यातला रोबो परवडणारा पण उद्या असेल याचा भरवसा नाही. उपचारांसाठी नेमका कोणता घ्यायचा, याचं उत्तर मेंदूविज्ञानात सापडणार नाही.

आणखी एक बाब मोकळीच आहे, आणि विकोव्स्का यांच्या पद्धतीतूनच ती आली आहे. इथले बहुतेक सहभागी आयकबला प्रयोगापुरते भेटले, काही तर पहिल्यांदाच. नजरेला नजर मिळाल्यावर मेंदूत जे होतं ते नवलाईमुळे, की नजरेमुळे? त्यासाठी तेच सहभागी, तोच रोबो आणि कित्येक महिन्यांच्या भेटी लागतील, त्याही ईईजीची टोपी घालून. मुलांबरोबरच्या कामात भेटी पुन्हा पुन्हा होतात पण मोजमाप ढोबळ राहतं. प्रयोगशाळेत मोजमाप काटेकोर, पण भेटी मोजक्या. दोन्ही एकत्र आणणारं काम महागडं आहे, किचकट आहे, आणि निबंध यायला वेळ लावणारं आहे.